दोन कार्यप्रणाली, एक कळफलक

प्रस्तावना

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या काठी, कुंभकोणम हे प्राचीन नगर वसलेले आहे. थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि शालेय शिक्षण याच नगरात झाले. तंजावरवर मराठ्यांचे राज्य असताना अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव अशाच एका मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. अशा घराण्यांतून घरी मराठी आणि बाहेर तमिळ असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दुसरी भाषा शिकल्यामुळे पहिली पुसली गेली नाही. दोन्ही आपापल्या जागी नांदल्या.

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली अशाच नांदू शकतात. तमिळनाडू शासनाने १५ सप्टेंबर २०११ रोजी शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. सुरुवातीच्या काळात दिलेल्या लॅपटॉपवर ‘विंडोज’ आणि ‘बॉस’ या दोन्ही कार्यप्रणाली होत्या. ‘बॉस’ म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’. ‘सी-डॅक’ या शासकीय संस्थेने विकसित केलेली ही कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली आहे. संगणक सुरू होताच पडद्यावर यादी दिसावी आणि वापरणाऱ्याने हवी ती कार्यप्रणाली निवडावी, ही सोय त्यामुळे अनेक घरांत प्रथमच पोहोचली.

हे लॅपटॉप तयार होऊन हाती आले होते. पण असलेल्या संगणकावर दुसरी कार्यप्रणाली स्वतः बसवायची झाल्यास कधीकधी विचित्र अडचण उभी राहते. स्वागताचा पडदा दिसतो, ‘पुढे जा’ असे बटण दिसते, पण कळफलकावरील कळ दाबली तरी काही होत नाही आणि माऊसचा बाण जागचा हलत नाही. अशा वेळी काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपण
• कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतच्या पायऱ्या सांगू शकाल;
• कळफलक वा माऊस प्रतिसाद देत नसल्यास दोष कोणत्या पायरीवर आहे, हे क्रमाने शोधू शकाल;
• कार्यप्रणाली बसविण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता स्पष्ट करू शकाल;
• संकेतार्थी वाक्यांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूलपाठ

१. कळ दाबल्यावर काय घडते?

संगणकाला माहिती किंवा आज्ञा देण्यासाठी जी साधने वापरतात, त्यांना आदान साधने म्हणतात. कळफलक, माऊस आणि लॅपटॉपवरील स्पर्शफलक ही नेहमीची आदान साधने होत. कळ दाबताच अक्षर उमटते, म्हणून कळफलक थेट पडद्याशी जोडलेला आहे असे वाटते. प्रत्यक्षात कळेचा संदेश अनेक हातांतून पुढे जातो.

पहिली पायरी कळफलकाची. त्याच्या आत एक लहानसे यंत्र असते. कोणती कळ दाबली गेली हे ते ओळखते आणि त्या कळेचा संकेत पाठवते. दुसरी पायरी मार्गाची. हा संकेत तारेतून किंवा बिनतारी लहरींतून संगणकाच्या जोडणीपर्यंत, म्हणजे पोर्टपर्यंत, येतो. तिसरी पायरी संगणकाच्या अंगभूत आज्ञावलीची. वीज सुरू होताच सर्वप्रथम जागी होणारी ही आज्ञावली ‘बायोस’ किंवा तिच्या नव्या रूपात ‘यूईएफआय’ या नावाने ओळखली जाते. चौथी पायरी कार्यप्रणालीची. अंगभूत आज्ञावलीने संगणकाचा कारभार कार्यप्रणालीच्या स्वाधीन केला, की पुढील संकेत समजून घेणे तिचे काम असते. त्यासाठी तिच्याजवळ त्या पोर्टाची व साधनाची भाषा जाणणारी उप-आज्ञावली असावी लागते. हिलाच ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधला हा सांधा नीट लक्षात घ्यावा. अंगभूत आज्ञावलीचा ड्रायव्हर वेगळा आणि कार्यप्रणालीचा वेगळा. म्हणूनच बायोसच्या पडद्यावर उत्तम चालणारा कळफलक कार्यप्रणाली बसविण्याचा पडदा येताच मुका होऊ शकतो. कळफलक तोच असतो, तारही तीच असते. ऐकणारा बदललेला असतो. निरोप आणणारा दारात उभा आहे, पण त्याची भाषा समजणारे घरात कोणी नाही, अशी ही स्थिती होय.

२. एक प्रसिद्ध उदाहरण

‘विंडोज ७’ ही कार्यप्रणाली ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. त्या काळी कळफलक व माऊस ज्या यूएसबी पोर्टांना जोडत, ती पोर्टे दुसऱ्या पिढीची होती. यूएसबीची तिसरी पिढी तेव्हा नुकतीच जन्माला आली होती, त्यामुळे तिचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या मूळ चकतीत नव्हता. काही वर्षे यामुळे काही बिघडले नाही, कारण नव्या संगणकांतही जुन्या पिढीचे नियंत्रक ठेवलेले असत.

२०१५ साली इंटेल कंपनीचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांच्याबरोबरच्या नव्या मुख्य फलकांतून जुन्या यूएसबीचा स्वतंत्र नियंत्रक काढून टाकण्यात आला आणि सर्व पोर्टांचा कारभार नव्या नियंत्रकाकडे गेला. अशा संगणकावर विंडोज ७ बसवायला घेतलेल्या असंख्य लोकांना एकच अनुभव आला. बायोसमध्ये कळफलक चालत असे; चकतीवरून आरंभही होत असे; पण भाषा निवडण्याचा पहिला पडदा येताच कळफलक आणि माऊस दोन्ही निश्चल होत. अनेकांनी कळफलक बदलले, माऊस बदलले, तरी उपयोग झाला नाही. दोष त्या साधनांत नव्हताच.

यावर दोन उपाय होते. ज्यांच्या संगणकाला ‘पीएस/२’ हे जुने गोल पोर्ट होते, त्यांनी तेथे जुना कळफलक जोडला आणि काम पूर्ण केले. इतरांनी दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने नव्या यूएसबीचा ड्रायव्हर बसविण्याच्या प्रतीत आधीच मिसळून घेतला. विंडोज ७ ला निर्मात्याकडून मिळणारे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, म्हणून आज ती नव्याने बसविणे योग्य नाही. मात्र तिचा धडा जुना झालेला नाही: संगणक नवा आणि कार्यप्रणाली जुनी असेल, तर दोघांच्या भाषेत अंतर पडू शकते.

लिनक्सच्या बाबतीतही असे घडले आहे. २०२२ साली आलेल्या, एएमडीचे रायझन ६००० मालिकेतील प्रोसेसर असलेल्या काही लॅपटॉपवर अंगचा कळफलक विंडोजमध्ये चालत असे, परंतु लिनक्समध्ये चालत नसे. कळ दाबल्याची वर्दी प्रोसेसरला कशी मिळते, याविषयी लिनक्सच्या गाभ्याने केलेली समजूत त्या लॅपटॉपना लागू पडत नव्हती. गाभ्याच्या पुढील आवृत्त्यांत ही दुरुस्ती झाली. तोवर बाहेरून जोडलेला यूएसबी कळफलक हाच व्यवहार्य मार्ग होता.

पाठगत प्रश्न १

(अ) ड्रायव्हर म्हणजे काय?
(आ) बायोसमध्ये चालणारा कळफलक पुढच्या पडद्यावर का थांबू शकतो?
(इ) योग्य की अयोग्य ते लिहा: २०१५ च्या उदाहरणात नवा कळफलक विकत घेतल्याने अडचण दूर झाली.

३. दोष शोधण्याचा क्रम

साधन प्रतिसाद देत नाही असे दिसताच एकाच वेळी दहा गोष्टी बदलू नयेत. एक गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा आणि मगच पुढे जावे. पुढील क्रम उपयोगी ठरतो.

पहिली कसोटी: संगणक जागा आहे का? कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबून तिचा दिवा पाहावा. हा दिवा संगणकाच्या आज्ञेवरून लागतो व विझतो. कळ दाबताच दिवा बदलला, तर संगणक जागा असून कळफलकाचे ऐकत आहे. मग थोडे थांबावे, कारण तो दुसऱ्या कामात गुंतलेला असेल. दिवा बदलला नाही, तर एकतर संदेश पोहोचत नाही किंवा संगणकच गोठला आहे. पडद्यावरील एखादे चिन्ह फिरत असेल किंवा पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल, तर संगणक गोठलेला नसून केवळ बहिरा झाला आहे, असे समजावे.

दुसरी कसोटी: बायोसमध्ये साधन चालते का? काहीही लिहिले जात नाही याची खात्री करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि आरंभीच बायोसची कळ दाबावी. बहुधा ती एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी एक असते. तेथे कळफलक चालला, तर कळफलक, तार आणि पोर्ट सुस्थितीत आहेत; दोष चौथ्या पायरीवर आहे. तेथेही चालला नाही, तर पहिल्या तीन पायऱ्या तपासाव्यात.

तिसरी कसोटी: पोर्ट बदलून पाहणे. यूएसबीच्या जुन्या पोर्टाच्या आतील पट्टी बहुधा काळी आणि तिसऱ्या पिढीच्या पोर्टातील पट्टी बहुधा निळी असते. एकात चालत नसल्यास दुसऱ्यात जोडावे. मेजावरील संगणक असेल, तर पुढील बाजूची किंवा जोडफाट्यावरची जोडणी सोडून मागील पोर्टात थेट जोडणी करावी.

चौथी कसोटी: तारेचे साधन वापरणे. ब्लूटूथ साधनाची संगणकाशी ओळख कार्यप्रणाली करून देते. ती बसण्यापूर्वी ही ओळख नसते, म्हणून असे साधन त्या वेळी गप्प राहणे स्वाभाविक आहे. लहान ग्राहकखुंटीसह येणारी बिनतारी साधने पुष्कळदा चालतात. तरी त्यांचे विद्युतघट संपले असण्याचा संभव असतो. शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणलेला तारेचा साधा कळफलक या कामी सर्वांत विश्वासू ठरतो.

पाचवी कसोटी: बायोसमधील योजना तपासणे. ‘लेगसी यूएसबी’ ही सोय बंद असेल, तर ती सुरू करावी; तिच्यामुळे बायोस यूएसबी कळफलकाला जुन्या कळफलकाचे रूप देते. ‘फास्ट बूट’ सुरू असेल, तर ती बंद करावी; वेळ वाचविण्यासाठी ती यूएसबी साधनांची आरंभीची ओळख टाळू शकते, आणि मग कार्यप्रणाली निवडण्याच्या यादीवरही कळफलक चालत नाही. बायोसमध्ये शिरणेच जमत नसेल आणि संगणकावर आधीचे विंडोज चालत असेल, तर शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. त्यातून उघडणाऱ्या पर्यायांतून अनेक नव्या संगणकांवर बायोसपर्यंत जाता येते.

सहावी कसोटी: नवी प्रत घेणे. एवढे करूनही चौथ्या पायरीवरचा दोष राहिला, तर त्याच कार्यप्रणालीची अद्ययावत प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी. नव्या प्रतीत नवे ड्रायव्हर असतात.

लॅपटॉपविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ लॅपटॉपमध्ये अंगचा कळफलक जुन्या पद्धतीने, तर स्पर्शफलक निराळ्या वाहिनीने जोडलेला असतो. त्यामुळे कळफलक चालतो आणि स्पर्शफलक चालत नाही, असे दृश्य दिसते. अशा वेळी यूएसबी माऊस जोडावा. तो नसल्यास टॅब, बाणाच्या कळा, स्पेस आणि एंटर यांच्या साहाय्याने बहुतेक पडदे ओलांडता येतात. काही लॅपटॉपवर स्पर्शफलक बंद करणारी एक कळ असते. ती चुकून दाबली गेली नाही ना, हेही पाहावे.

४. कळ चालते, पण अक्षर चुकते

कधीकधी साधन प्रतिसाद देते, पण तो अनपेक्षित असतो. कार्यप्रणाली बसविताना कळफलकाची मांडणी निवडावी लागते आणि तेथे चूक झाली, की पुढे परवलीचा शब्द जुळत नाही. परवलीचा शब्द ठिपक्यांच्या रूपात दिसत असल्याने चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि कळफलक बिघडला असा समज होतो.

भारतीय भाषांत ही शक्यता अधिक आहे. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत समान उच्चाराची अक्षरे समान कळेवर असतात. इंग्रजी ‘के’ अक्षराच्या कळेवर देवनागरीत ‘क’ येतो, तसा तमिळमध्येही ‘क’ याच उच्चाराचा वर्ण येतो. तमिळसाठी १९९९ साली ‘तमिळ ९९’ ही वेगळी मांडणी प्रमाण ठरली. तिच्यात हाच वर्ण ‘एच’ च्या कळेवर आहे. कुंभकोणमसारख्या नगरात, जेथे एकाच घरात मराठी, तमिळ आणि इंग्रजी लिहिली जाऊ शकते, तेथे कोणती मांडणी सुरू आहे हे आधी पाहणे अगत्याचे ठरते. सुरक्षित मार्ग असा, की कार्यप्रणाली बसविताना इंग्रजी मांडणी ठेवावी, परवलीचा शब्द तिच्यातच ठरवावा आणि भारतीय भाषांच्या मांडण्या नंतर जोडाव्यात.

५. आधीची दक्षता

ज्या घरात एकच संगणक असतो, तेथे मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, अर्जांच्या प्रती आणि आप्तांची छायाचित्रे त्याच एका संगणकात असतात. कळफलक न चालणे ही तासाभराची गैरसोय आहे. ही सामग्री नष्ट होणे ही कधी न भरून येणारी हानी आहे. म्हणून दुसरी कार्यप्रणाली बसविण्यापूर्वी महत्त्वाच्या सर्व सामग्रीची प्रत बाहेरच्या साधनावर काढावी आणि ती उघडते की नाही, हे तपासून पाहावे.

विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा साधनाचे कूटीकरण सुरू असेल, तर तिची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. बायोसमधील काही बदलांनंतर ती मागितली जाऊ शकते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा. लिनक्सच्या अनेक प्रती पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसविता, चालवून पाहता येतात. ही सोय अवश्य घ्यावी. कळफलक, माऊस, स्पर्शफलक आणि वाय-फाय त्या चाचणीत चालले, तरच पुढे जावे.

संगणकाच्या साठवणीचे विभाग करण्याचे काम सुरू असताना माऊस थांबला, म्हणून वीज तोडू नये. दिसायला स्तब्ध असलेला संगणक आत लिहीत असू शकतो. अर्धवट लिहिलेला विभाग दोन्ही कार्यप्रणालींना वाचता येईनासा होतो. बराच वेळ थांबून, कसलीही हालचाल नाही अशी खात्री झाल्यावरच संगणक बंद करावा.

दुरुस्तीचे कौशल्य केवळ हातात नसते, विचाराच्या क्रमात असते. संदेश कोठे निघाला, कोठपर्यंत पोहोचला आणि कोठे हरवला, एवढे तीन प्रश्न ज्याला विचारता येतात, त्याला नवा कळफलक विकत घेण्याची किंवा असलेले सर्व पुसून टाकण्याची घाई होत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘कॅप्स लॉक’ चा दिवा बदलला, तर काय समजावे?
(आ) ब्लूटूथ कळफलक कार्यप्रणाली बसण्यापूर्वी का चालत नाही?
(इ) विभाग करण्याचे काम सुरू असताना वीज का तोडू नये?

भाषाभ्यास

‘बायोसमध्ये कळफलक चालला, तर दोष चौथ्या पायरीवर आहे.’ या वाक्यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे. अशा वाक्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. त्यात ‘जर’ व ‘तर’ ही अव्यये येतात. ‘जर’ पुष्कळदा अध्याहृत असते. दोष शोधण्याचे शास्त्र अशा वाक्यांवरच उभे असते, कारण प्रत्येक कसोटी ‘असे असेल, तर तसे’ असे सांगते. ‘कळ दाबली तरी काही होत नाही’ या वाक्यात मात्र ‘तरी’ आले आहे. येथे अपेक्षा आणि परिणाम यांच्यात विरोध आहे.

शब्दार्थ

कार्यप्रणाली – संगणकाचा सर्व कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली, ऑपरेटिंग सिस्टिम
कळफलक – कीबोर्ड
स्पर्शफलक – लॅपटॉपवरील टचपॅड
अंगभूत – मुळातच असलेले
परवलीचा शब्द – पासवर्ड
कूटीकरण – किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात सामग्री ठेवणे
अध्याहृत – वाक्यात न लिहिलेले, पण अर्थाने गृहीत असलेले

आपण काय शिकलात?

• एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली राहू शकतात.
• कळेचा संदेश साधन, मार्ग, अंगभूत आज्ञावली आणि कार्यप्रणाली या चार पायऱ्यांनी जातो.
• एका पायरीवर चालणारे साधन पुढच्या पायरीवर थांबले, तर दोष बहुधा साधनात नसतो.
• एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा.
• सामग्रीची प्रत काढल्याशिवाय कार्यप्रणाली बसविण्यास आरंभ करू नये.

पाठान्त प्रश्न

१. २०१५ नंतरच्या संगणकांवर विंडोज ७ बसविताना आलेली अडचण व तिचे उपाय आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘इनस्क्रिप्ट’ व ‘तमिळ ९९’ या मांडण्यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
३. लॅपटॉपचा कळफलक चालतो, पण स्पर्शफलक चालत नाही. आपण कोणती पावले उचलाल?
४. पाठातील तीन संकेतार्थी वाक्ये शोधून लिहा.
५. आपल्या घरातील एखादे उपकरण बंद पडल्यास दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पोर्टाची व साधनाची भाषा जाणणारी, कार्यप्रणालीजवळ असलेली उप-आज्ञावली. (आ) बायोसचा ड्रायव्हर वेगळा असतो. पुढे कारभार घेणाऱ्या कार्यप्रणालीजवळ योग्य ड्रायव्हर नसेल, तर तिला कळफलकाचे संकेत कळत नाहीत. (इ) अयोग्य.

२. (अ) संगणक जागा आहे आणि कळफलकाचा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचत आहे. (आ) ब्लूटूथ साधनाची संगणकाशी ओळख कार्यप्रणाली करून देते. (इ) आत लेखन चालू असू शकते. ते अर्धवट राहिल्यास सामग्री नष्ट होण्याचा धोका असतो.